दोन खोल्या, एक कुंडी

घरात पैसे यायचे असले की घरातली माणसे एकमेकांशी वेगळ्याच आवाजात बोलू लागतात. पैसे आल्यावर होणारी भांडणे निदान हिशेबाची असतात. येण्यापूर्वीची भांडणे मात्र वर्षानुवर्षे मनात साठलेली असतात. त्या अजून न आलेल्या पैशाची वाटणी प्रत्येकाने रात्री उशीवर डोके टेकून केव्हाच केलेली असते, आणि एकाची वाटणी दुसऱ्याशी जुळत नाही.

लोरेन हॅन्सबेरी या अमेरिकन लेखिकेचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक अशाच एका घरात, अशाच एका सकाळी सुरू होते. ११ मार्च १९५९ रोजी ते न्यूयॉर्कच्या एथेल बॅरीमोर थिएटरात आले. तोवर एकाही कृष्णवर्णीय स्त्रीचे नाटक ब्रॉडवेवर झालेले नव्हते. लेखिकेचे वय त्या दिवशी २८ होते. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स हे कृष्णवर्णीय, नायकाच्या भूमिकेतले सिडनी पॉइटिये कृष्णवर्णीय, आणि एक पात्र सोडले तर रंगमंचावरचे सगळे घरच कृष्णवर्णीय. नाटकाचे ५३० प्रयोग झाले. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अमेरिकन नाटक म्हणून न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांनी त्याची निवड केली, आणि १९६१ साली त्यावर चित्रपटही निघाला. नाव घेतले आहे लँग्स्टन ह्यूज या कवीच्या एका कवितेतून. लांबणीवर पडत गेलेली स्वप्ने हा त्या कवितेचा विषय. रेझिन म्हणजे आपला मनुका. उन्हात पडून राहिलेले द्राक्ष शेवटी काय होते, ते आपल्या नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना मी निराळे सांगायला नको.

माझे इंग्रजी शाळेपुरतेच. शब्दकोश शेजारी ठेवून हे नाटक मी वाचले. पहिल्या वाचनात ते मला आपल्याच एखाद्या चाळीतले वाटले आणि मी खूश झालो. दुसऱ्या वाचनात ती खुशी टिकली नाही. ती का टिकली नाही, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

शिकागो शहराच्या दक्षिण भागातले हे यंगर कुटुंब. दोन खोल्या, त्यांना जोडून स्वयंपाकाची इवलीशी जागा, आणि न्हाणीघर-संडास बाहेर, शेजाऱ्यांशी सामायिक. घरात माणसे पाच. साठी ओलांडलेली लीनाबाई. तिचा पस्तीस वर्षांचा मुलगा वॉल्टर, एका गोऱ्या साहेबाच्या मोटारीचा ड्रायव्हर. सून रूथ, ती लोकांच्या घरी धुण्या-स्वयंपाकाला जाते. मुलगी बेनीथा कॉलेजात शिकते आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे. आणि वॉल्टरचा मुलगा ट्रॅव्हिस, दहा-अकरा वर्षांचा, बाहेरच्या खोलीतल्या कोचावर झोपतो. मोठी माणसे जागी असली म्हणजे या पोराला झोप नाही आणि पोर झोपले म्हणजे मोठ्यांना बोलणे नाही. लेखिका सांगते की सतरंजी जिथे झिजली आहे तिथे एखादी खुर्ची किंवा टेबल सरकवून ठेवलेले आहे. ज्या घरातून आपण आलो त्या घरातही तसे एक टेबल होते, हे पुष्कळ वाचकांना आठवेल.

लीनाबाई लग्न होऊन नवऱ्याबरोबर या खोल्यांत आली तेव्हा वर्षभरात दुसरीकडे जायचे असे ठरले होते. ते वर्ष अजून संपलेले नाही. नवरा राबून राबून गेला. त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर टपालाने यायचे आहेत, आणि नाटकाचा पडदा उघडतो तो त्याच्या आदल्या सकाळी.

पहिल्याच प्रवेशात लेखिकेने एक छोटी गोष्ट अशी सहज ठेवली आहे की सारे नाटक तिच्यात मावते. ट्रॅव्हिसला शाळेत पन्नास सेंट न्यायचे आहेत. रूथ सांगते, नाहीत. खरेच नसतात. वॉल्टरला मुलासमोर हे ‘नाहीत’ सोसत नाही. तो खिशातून पन्नास सेंट काढतो, आणि बायकोकडे पाहत आणखी पन्नास सेंट वर देतो: जा, फळे घे, नाहीतर टॅक्सीने शाळेत जा! मुलगा खुशीत जातो. थोड्या वेळाने वॉल्टर कामाला निघतो, दारातून परत येतो आणि बायकोकडे पैसे मागतो. त्याच्याजवळ गाडीभाड्यापुरतेही उरलेले नाहीत.

प्रेक्षक इथे हसत असले पाहिजेत. मीही हसलो. पण बाप म्हणून ताठ उभे राहण्याची किंमत या माणसाला पन्नास सेंट जास्त पडते आणि ती त्याला परवडत नाही, हे त्या हसण्याखालून आत जाऊन बसते. पुढे हाच माणूस साडेसहा हजार डॉलर घालवतो तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटत नाही. रक्कम तेवढी मोठी झालेली असते. माणूस तोच, आणि गरजही तीच.

दहा हजारांवर प्रत्येकाची नजर आहे. वॉल्टरला मित्रांबरोबर दारूचे दुकान काढायचे आहे. बेनीथाला वैद्यकीय शिक्षणाची फी हवी. रूथला घर हवे, कारण तिला पुन्हा दिवस गेले आहेत आणि पाचांच्या जागेत सहावे कुठे ठेवायचे हा प्रश्न तिच्यापुढे आहे. त्या काळी कायद्याने मना असलेले काम चोरून करणाऱ्या एका बाईकडे ती पाच डॉलर विसार देऊन आली आहे. ती नवऱ्याला हे सांगत नाही. सांगते सासू, आणि तेही वॉल्टर आपल्या दुकानाच्या नादात काही ऐकून घ्यायला तयार नसताना. आपल्या बापाने एक मूल गरिबीपायी गमावले, दुसरे आपण आपल्या हाताने गमावणार नाही, असे बापाचा मुलगा म्हणून तू बोल, अशी ती त्याच्याकडून अपेक्षा करते. वॉल्टर काही बोलत नाही. तो निघून जातो.

इथपर्यंत वाचल्यावर कुणीही म्हणेल की ही तर घरोघरची कथा. अमेरिकेतही त्या वेळी पुष्कळांनी असेच म्हटले: हे काळ्यांचे नाटकच नव्हे, हे कुणाही कुटुंबाचे नाटक आहे! म्हणणाऱ्यांना ती स्तुती वाटत होती. लेखिकेला ती पटली नाही. आपले कुटुंब कृष्णवर्णीय आहे, शिकागोचे आहे, शिकागोच्याही दक्षिण भागातले आहे, आणि ते इतके नेमके आहे म्हणूनच ते सर्वांपर्यंत पोचते, असा तिचा आग्रह होता. मला वाटते, नाटक समजण्याची किल्ली या आग्रहात आहे. म्हणून घटकाभर रंगमंच सोडून त्या शहरात जाऊ.

दक्षिणेतल्या कापसाच्या राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय माणसे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेच्या शहरांत आली. झुंडीने झाडाला टांगण्याची भीती मागे टाकून ती शिकागोला उतरली. तिथे त्यांना झाडाला कुणी टांगले नाही. एका पट्ट्यात कोंडले. वस्त्यांतल्या गोऱ्या घरमालकांनी आपापसात करारनामे केले होते की आपले घर कृष्णवर्णीयाला विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. माणसे वाढत गेली, पट्टा तेवढाच राहिला. मग एका बिऱ्हाडाच्या जागेची चार-पाच बिऱ्हाडे झाली, प्रत्येकात चुलीपुरता कोपरा, संडास सगळ्यांत एक, आणि भाडे मात्र चढे. वॉल्टर आणि रूथ सकाळी ज्या दोन खोल्यांत एकमेकांवर खेकसतात त्या खोल्या अशा तयार झालेल्या आहेत. त्यांच्या भांडणाला नवरा-बायकोचे स्वभाव कारण आहेतच. पण त्यांची कोपरे एकमेकांना लागतात याचे कारण शहराच्या नकाशावर आहे.

हे सारे लेखिकेने पुस्तकात वाचलेले नव्हते. तिचे वडील कार्ल हॅन्सबेरी घरांच्या व्यवहारात होते, आणि नवल असे की अशी चिमुकली बिऱ्हाडे पाडूनच त्यांनी पैसा मिळवला होता. १९३७ साली त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. जमाव चालून आला. खिडकीतून भिरकावलेला दगड लहानग्या लोरेनला थोडक्यात चुकला. वडील कोर्टात लढत होते तेव्हा आई भरलेले पिस्तूल घेऊन रात्र रात्र घरात पहारा करी. १९४० साली सर्वोच्च न्यायालयात हॅन्सबेरी जिंकले, पण एका तांत्रिक मुद्द्यावर. तसले करारनामे मुळातच अन्यायाचे आहेत असे न्यायालयाने तेव्हा म्हटले नाही. ते कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय व्हायला १९४८ साल उजाडावे लागले. कार्ल हॅन्सबेरी ते पाहायला राहिले नाहीत. अमेरिकेला कंटाळून ते मेक्सिकोत बिऱ्हाड हलवण्याच्या विचारात होते, आणि तिथेच १९४६ साली वारले. आणि कोर्टाचा निर्णय झाला म्हणून रस्ता मोकळा झाला असेही नाही. १९५१ साली शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावात एक कृष्णवर्णीय कुटुंब भाड्याच्या घरात राहायला आले, तेव्हा हजारोंच्या जमावाने ती इमारत फोडली आणि शेवटी लष्करी दल बोलवावे लागले.

आता परत नाटकात येऊ. कोसळू लागलेल्या घराला सावरायला म्हणून लीनाबाई साडेतीन हजार डॉलर भरून एक घर घेऊन येते. ते आहे क्लायबोर्न पार्कात, गोऱ्यांच्या वस्तीत. रूथच्या तोंडचे पाणी पळते. लीनाबाईला काही क्रांती करायची नसते. काळ्यांसाठी म्हणून जी नवी घरे बांधली होती ती दूर आणि दुप्पट महाग. तिने आपली कमी पैशात चांगले घर पाहिले. बाजारात उभे राहून गृहिणी जो हिशेब करते तोच तिने केला. तोच हिशेब त्या देशात बंड ठरावा, यावर नाटकाला वेगळे भाष्य करावे लागत नाही.

वॉल्टर मात्र खचतो. तीन दिवस कामावर जात नाही. गाडी घेऊन भटकतो आणि संध्याकाळी दारूच्या अड्ड्यावर गाणे ऐकत बसतो. आईला कळून चुकते की आपण घर घेतले आणि मुलगा घालवला. मग ती उरलेले साडेसहा हजार त्याच्या हाती देते. त्यातले तीन हजार बेनीथाच्या शिक्षणासाठी बँकेत ठेव, बाकीचे तुझ्या नावावर, आणि आजपासून घराचा कर्ता तू. पस्तीस वर्षांच्या मुलाला आई पहिल्यांदा मोठा होऊ देते. आणि तो सगळेच्या सगळे, बहिणीच्या तीन हजारांसकट, विली हॅरिस नावाच्या मित्राच्या हवाली करतो. विली पैसे घेऊन पसार होतो.

आपल्याकडचा वाचक इथे वॉल्टरवर चिडतो, आणि चिडावेच. पण लेखिकेने त्याला खलनायक होऊ दिलेले नाही. साहेबासाठी दार उघडायचे, ‘होय साहेब’ म्हणायचे आणि गोऱ्या पोरांना हॉटेलात बसून हजारोंचे सौदे करताना काचेतून पाहायचे, हे त्याचे आयुष्य. मोठे होण्याची एकच रीत त्याला दिसली, ती पैशाची. लीनाबाईला हे कळत नाही. तिच्या पिढीला जिवंत राहून, मान राखून उत्तरेत पोचायचे होते. मुलाच्या तोंडी सारखा पैसा येतो याचा तिला अचंबा वाटतो. आई-मुलातले हे अंतर स्वभावाचे नाही. ती ज्या भिंतीवरून उडी मारून आली तिची भीती मुलाने पाहिली नाही, आणि तो ज्या भिंतीला रोज डोके आपटतो ती तिला नीट दिसत नाही. दोघांनाही एकमेकांचे तोंड तेवढे दिसते, म्हणून दोघे एकमेकांवर ओरडतात. घरातली बहुतेक भांडणे अशीच असतात. ज्याच्यावर ओरडायचे तो हाताशी नसतो, म्हणून हाताशी असलेल्यावर ओरडायचे.

तो जो हाताशी नसतो, तो या नाटकात एकदा चक्क दार ठोठावून घरात येतो. बिऱ्हाड हलवण्याची बांधाबांध चालू असताना कार्ल लिंडनर नावाचे एक गोरे गृहस्थ येतात. नाटकातले हेच ते एकमेव गोरे पात्र. क्लायबोर्न पार्कच्या रहिवासी मंडळाचे ते प्रतिनिधी. हातात टोपी आणि कागदपत्रांची बॅग, बोलणे मृदू, थोडे संकोचीही. बसा म्हटल्यावर बसतात. माणसांनी एकमेकांशी बसून बोलले पाहिजे, सगळे तंटे न बोलल्यामुळेच होतात, असा त्यांचा सिद्धान्त. घरातल्यांना ते फार आवडतात. मग हळूहळू मुद्दा बाहेर येतो. आमच्या वस्तीतली माणसे कष्टाळू, साधी आहेत हो. त्यांचे जगण्याचे एक वळण आहे. यात वर्णद्वेष मुळीच नाही. पण तुमच्यासारख्यांना तुमच्याच माणसांत जास्त सुख लागेल. मंडळ तुमचे घर तुम्ही दिले त्यापेक्षा जास्त किंमत देऊन परत घ्यायला तयार आहे.

वॉल्टर त्यांना घराबाहेर काढतो. पण त्यानंतर पैसे बुडाल्याची बातमी येते, आणि तोच वॉल्टर लिंडनरना फोन करून परत बोलावतो. ते पैसे देतात ना, घेऊ. घरच्यांसमोर तो त्या प्रसंगाची तालीम करून दाखवतो: गुडघे टेकून, डोळे फिरवून, जुन्या काळचा गुलाम धन्यापुढे कसा लाचार बोलेल तसा. हा प्रवेश वाचताना मला पुस्तक खाली ठेवावे लागले. बेनीथा म्हणते, हा माझा भाऊ नाही. त्यावर लीनाबाई तिला जे सांगते ते नाटकाचे हृदय आहे. त्याच्यासाठी आज तू रडलीस का, असे ती विचारते. माणूस यशस्वी होऊन सगळ्यांना सुख देतो त्या दिवशी त्याच्यावर माया करणे सोपे. तो अगदी तळाला गेला, जगाने त्याला झोडपून काढले आणि त्याचा स्वतःवरचाही विश्वास उडाला, तीच माया करण्याची वेळ. त्याचे मोजमाप करायचे तर कोणते डोंगर-दऱ्या ओलांडून तो इथवर आला, तेही मोजणीत धर.

लिंडनर येतात. लीनाबाई एकच गोष्ट करते. ट्रॅव्हिसला बाहेर पाठवू पाहणाऱ्या रूथला थांबवते आणि वॉल्टरला सांगते, पोराला इथेच राहू दे, त्याच्यासमोर कर काय करायचे ते. वॉल्टर बोलायला लागतो. आपण साधी माणसे आहोत, आपला बाप आयुष्यभर मजुरी करत होता, असे अडखळत सांगतो. मग मुलाला जवळ ओढतो. या देशातली आमची ही सहावी पिढी, आणि आमच्या बापाने हे घर विटेविटेने कमावले आहे. आम्ही राहायला येणार. तुमचे पैसे आम्हाला नकोत.

सुरुवातीला मुलासमोर ताठ उभे राहायला या माणसाला पन्नास सेंट लागले होते. शेवटी तो खिशात काहीही नसताना उभा राहतो. हा प्रवास एवढ्या साधेपणाने दाखवला आहे की वाचताना तो लक्षातही येऊ नये.

नाटकात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. पैसे घेऊन मित्र पळून जाणे ही युक्ती जुनी आहे. आपल्या कौटुंबिक नाटकांनी तिला गुळगुळीत केले आहे. बेनीथाचा नायजेरियन मित्र असागाय हा काही ठिकाणी पात्रापेक्षा विचारांचा दूत होऊन बोलतो. रूथ ही मला सगळ्यांत जवळची वाटली, पण तिच्या पाच डॉलरच्या विसाराचा पुढे काय निकाल लागला, तिच्या मनाने तो कसा घेतला, हे लेखिका घर मिळाल्याच्या आनंदात बुडवून टाकते. आणि लीनाबाई इतकी भक्कम आहे की इतर पात्रे कधी कधी तिच्या सावलीत सापडतात. बेनीथाने देव नाही म्हटल्यावर ती तिच्या थोबाडीत देते आणि आईच्या घरात अजून देव आहे असे तिच्याकडून वदवून घेते. त्या प्रवेशात लेखिका आईच्या बाजूची की मुलीच्या, हे आपल्याला कळू नये अशी तिने काळजी घेतली आहे. मला ती काळजी मोलाची वाटते. कुणाला ती टाळाटाळ वाटेल.

याहून मोठा आक्षेप तिकडच्याच लोकांनी घेतला. गोऱ्यांच्या शेजारी बंगला मिळवणे हे काय काळ्या माणसाचे ध्येय झाले, असे अमिरी बराकांसारख्या जहाल लेखकाला आरंभी वाटले होते. पुढे त्यांनी ते मत जाहीरपणे बदलले. बदलायलाच हवे होते. लीनाबाईला गोऱ्यांचा शेजार नकोच असतो. तिला खिडकीत ऊन हवे असते. तेवढ्यासाठीसुद्धा जिथे गोऱ्यांच्या दारावरून जावे लागते तिथे ऊन मागणे हेच बंड होऊन बसते.

आता माझ्या न टिकलेल्या खुशीविषयी. पहिल्या वाचनात मी स्वतःला यंगरांच्या घरात बसवले होते. दोन खोल्या, सामायिक संडास, कोचावर झोपणारे पोर: मला काय नवीन? मी डोळे पुसले आणि पुस्तक मिटले. दुसऱ्या वेळी लिंडनर आत आले तेव्हा मला त्यांचा आवाज ओळखीचा वाटला. आमच्या इमारतीतला एक मोकळा गाळा एका कुटुंबाला द्यायचा की नाही, यावर काही वर्षांपूर्वी सभा झाली होती. वाईट शब्द कुणी काढला नाही. एक सद्गृहस्थ एवढेच म्हणाले की आपली काही हरकत नाही, पण त्यांनाच इथे अवघडल्यासारखे होईल. सगळ्यांनी माना हलवल्या. मी चहा घेतला आणि घरी येऊन मुलांच्या वह्या तपासल्या. जात हा शब्द त्या सभेत कुणी उच्चारला नव्हता, म्हणून ती जातीची गोष्ट नव्हती अशी मी माझी समजूत घातली होती.

ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही. १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस यांना पत्र लिहिले, आणि काही वर्षांनी त्याच ड्यु बॉईस यांच्या हाताखाली न्यूयॉर्कमध्ये ही लोरेन शिकली. आणि घराचेच म्हणाल तर डॉ. आंबेडकरांनी आपली हकीकत लिहूनच ठेवली आहे. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले. राहायला जागा नाही म्हणून नाव बदलून पारशी धर्मशाळेत उतरले. काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकले. त्यानंतर ते दोन मित्रांकडे गेले. एकाने सांगितले, तुम्ही आलात तर माझे नोकर सोडून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. दोघेही शिकलेले, दोघेही मित्र, दोघांचेही बोलणे सभ्य. शेवटी बाबासाहेब एका बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. काठीवाल्यांचा अध्याय आपण शाळेत मुलांना सांगतो. त्या दोन मित्रांचा मात्र राहून जातो. मीही वर्गात तो कधी सांगितला नव्हता, यंदा सांगितला.

लोरेन हॅन्सबेरीला फार आयुष्य लाभले नाही. १२ जानेवारी १९६५ रोजी ती कर्करोगाने गेली; वय अवघे ३४. पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या गोऱ्या वस्त्यांतून घरांच्या हक्कासाठी मोर्चा नेत असताना त्यांच्या डोक्यात दगड बसला. घर विकताना व भाड्याने देताना वर्णभेद करण्याला बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला. नाटक आले त्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

म्हणून या नाटकाच्या शेवटाला सुखान्त म्हणताना माझी जीभ अडखळते. सामान खाली गेले आहे, हमाल हाका मारत आहेत, वॉल्टर आणि बेनीथा जिना उतरताना पुन्हा हमरीतुमरीवर आले आहेत. ही माणसे जिथे चालली आहेत तिथे रात्री खिडकीतून काय येईल ते लेखिकेला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. ती ते दाखवत नाही. ती दाखवते रिकामी खोली आणि एकटी लीनाबाई. या घरात एकच लहानशी खिडकी होती, तिच्यात तिने कुंडीत एक रोप लावले होते. ऊन पुरेसे नाही म्हणून ते कधी नीट वाढले नाही, आणि तिने ते कधी मरूही दिले नाही. ती दिवा मालवून जाते, दार लागते. मग दार पुन्हा उघडते. ती आत येते, कुंडी उचलते आणि जिना उतरते.

क्लायबोर्न पार्कातल्या नव्या घराला अंगण आहे. ते रोप तिथे लागले की नाही, हे त्या वस्तीतल्या लोकांवर अवलंबून होते.